आडवा किनारा

पेपर तपासायला चार दिवस चिपळूणला गेलो होतो, तिथल्या बाजारात मला दत्तूभाऊ गेल्याचं कळलं. हर्ण्याहून सुकी मासळी घेऊन येणारा ओळखीचा माणूस वजन करता करता म्हणाला, "तुमचा पेंटर गेला, गुरुजी. परवाच." मी पिशवी भरून घेतली, एस.टी.त बसलो. त्यांना एक गोष्ट सांगायची राहिली, एवढंच डोक्यात होतं. याला दीड महिना झाला...

दत्तूभाऊंचा धंदा होड्या रंगवण्याचा. होडीचं नाव, कडेचा पट्टा, पुढे एखादं कमळ. आणि गणपतीच्या आधी मूर्तींचं काम. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. अंतराळाची कात्रणं जमवायचा मला नाद, आणि ती दाखवायला गावात त्यांच्याइतका चांगला माणूस नव्हता. चंद्रावरच्या फोटोत बाकीचे माणसाकडे बघत, ते सावलीकडे. एकदा विचारलं, "गुरुजी, तिथं हवा नाय म्हनता. मग डोंगर लांबचा का जवळचा, कळनार कसं? आमी लांबचा डोंगर निळा करतो, तो मधल्या हवेपायी." पुढे वाचनात आलं, की चंद्रावर चालणाऱ्यांचे अंतराचे अंदाज खरोखरच चुकत होते. हे मी त्यांना दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगितलं. त्यात माझं काही जात नव्हतं. ते खूश झाले, आणि त्या वर्षी गणपतीमागच्या हिमालयावर त्यांनी चंद्रावरच्यासारख्या काळ्या कडक सावल्या टाकल्या. लोक कुरकुरले, पण देखावा तसाच राहिला.

चौऱ्याऐंशी साली आपला माणूस अंतराळात जाऊन आला. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात त्यावर नाटुकलं बसवलं आणि मागचा पडदा दत्तूभाऊंकडे दिला. यानाच्या खिडकीतून दिसणारा भारत, एवढंच मी सांगितलं होतं. त्यांनी आठ दिवस शाळेच्या व्हरांड्यात बसून तो रंगवला. बघायला गेलो तर किनारा आडवा! खाली दर्या, वर सह्याद्री, मध्ये तांबड्या मातीची लांबच लांब रेघ. उजव्या कोपऱ्यात नेहमीसारखं 'दत्तू, हर्णे'.

"अहो, नकाशा आडवा झालाय. उत्तर वर पाहिजे."

"होडीतनं किनारा असाच दिसतो, गुरुजी. तो मानूस तर होडीहून लांब. त्याला उत्तर वर हाय, असं कोन सांगनार?"

मुलं ऐकत उभी होती. पाहुणे हसतील, विज्ञानाच्या मास्तरला नकाशा कळत नाही म्हणतील, ही माझी भीती. मी भिंतीवरचा नकाशा काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाद घातला नाही. सगळ्यावर निळ्या रंगाचा हात मारला आणि दोन दिवसांत नकाशाबरहुकूम भारत उभा केला. नाव मात्र पुन्हा घातलं नाही. मी विचारलंही नाही.

वर्षभराने एका मासिकात यानातून काढलेला फोटो आला. खाली समुद्र, वर डोंगर, किनारा आडवा. मला तो आधी ओळखूच येईना. पान फिरवून उत्तर वर आणली तेव्हा कळलं, हे आपलं कोकण. पान कापून मी टेबलाच्या खणात ठेवलं. दत्तूभाऊ आठवड्यातून दोनदा भेटत. आज दाखवू, उद्या दाखवू, असं चाललं होतं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा मास्तरकीचा ताठा जास्त होता.

तेराव्यानंतर त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा ते पान खिशात होतं. वहिनींनी चहा दिला. त्या कधी शाळेत गेलेल्या नाहीत. पान हातात घेतलं, फिरवलं नाही, की कुठलं म्हणून विचारलं नाही. आडव्या रेघेवरच्या एका खाचेवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही आपली खाडी. ह्यो किनारा." मग विचारलं, "ह्यांना दावलंत ना?"

मी नाही म्हणालो. त्यांनी पान घडी न घालता परत दिलं.

पडदा शाळेत आहे. दर स्नेहसंमेलनात निघतो. रंग अजून चांगला आहे. यंदा एका मुलीने विचारलं, हा कुणी काढला? मी नाव सांगितलं. मग तिला उजवा कोपरा दाखवला आणि तो माझ्यामुळे रिकामा आहे, हेही सांगितलं.