बटण कोणी दाबलं

थोरलीला 'मी' म्हणायची सवयच नव्हती. अंगात ताप असला तरी ती म्हणायची, "आम्हाला जरा कणकण वाटतेय." नवरा हसायचा, "एक दिवस डॉक्टर दोघींना सुया टोचेल बघ." दोघी म्हणजे ती आणि तिची धाकटी जाऊ. बाटल्यांच्या कारखान्यात एकाच सरकत्या पट्ट्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या राहून त्यांनी वर्षं काढली होती. धाकटी तिला ताई म्हणायची आणि भांडताना, हसताना, डबा उघडताना बिनदिक्कत अगं-तुगं करायची.

कारखान्याला टाळं लागलं आणि दोघी घरी बसल्या. पहिले काही महिने सकाळी आपोआप जाग यायची. मग तीही यायची थांबली. दुपारची झोप लांबत गेली, केस विंचरायला संध्याकाळ उजाडू लागली. एकदा दुकानात गल्ल्यावर अनोळखी माणूस दिसला, तर थोरली काही न मागताच परत आली. घरात सासू आजारी, दोघा भावांची मिळकत महिनाअखेरीपर्यंत कशीबशी पुरायची.

तेवढ्यात एका औषधांच्या कंपनीनं वर्ग काढला आणि दोघींनी नाव नोंदवलं. कामाची सवय मोडलेल्या माणसांना पुन्हा उभं करायचं, आणि जी तयार होतील त्यांतल्या काहींना आपल्याकडेच घ्यायचं. कंपनीच्या जुन्या कँटीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, कोपऱ्यात सरावासाठी एक बाद झालेला पट्टा होता. येण्याजाण्याचं भाडं मिळायचं, चहा मिळायचा. वर्ग घेणाऱ्या बाई खरंच चांगल्या होत्या. उशीर झाला तर ओरडायच्या नाहीत, का झाला ते विचारायच्या. टोपीत केस कसे कोंबायचे इथपासून साहेबांच्या डोळ्यांत बघून कसं बोलायचं इथपर्यंत सगळं त्यांनी शिकवलं.

मुलाखतीच्या सरावाला धाकटी नव्हती. सासूला दवाखान्यात नेण्याची पाळी त्या दिवशी तिची होती.

"अडचणीच्या वेळी तुम्ही काय केलंत, ते सांगा," बाईंनी थोरलीला उभं केलं.

"एका पोरीची बाही पट्ट्यात अडकली होती. आम्ही पट्टा बंद केला, तिला सोडवलं."

"आम्ही कोण?"

"आम्ही म्हणजे... आम्ही."

"बटण एकच असतं ना? का सगळ्यांनी रांग लावली होती?"

वर्ग खिदळला. बाईही हसल्या, मग मायेनं म्हणाल्या, "साहेबांना माणूस घ्यायचाय, अख्खी गल्ली नाही. 'मी' म्हणा. लाजू नका."

थोरलीनं त्या पोरीला कमरेला घट्ट धरून ठेवलं होतं. पट्ट्याला वळसा घालून धावत जाऊन लाल बटण दाबलं होतं धाकटीनं. पण हे सगळं सांगायचं कसं, तेच तिला जुळेना. सगळे बघत होते.

"मी... मी बटण दाबलं."

"शाब्बास! आता हेच मान वर करून."

तिनं मान वर करून तेच पुन्हा सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज भिंतीपर्यंत पोचला.

मुलाखतीला दोघी एकत्रच गेल्या. थोरलीला आधी बोलावलं. ती घामेजून बाहेर आली आणि पाणी प्यायला गेली. मग धाकटी आत गेली. तिनंही तोच प्रसंग सांगितला. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"हे तर आत्ताच ऐकलं मी. तुमच्या जाऊबाईंनी दाबलं ना बटण? निदान गोष्ट तरी आपली आणायची."

खरं सांगितलं असतं तर थोरली खोटी ठरली असती, आणि घरात एकीचा तरी पगार यायला हवा होता. "चुकलं साहेब," धाकटी म्हणाली.

थोरलीला काम लागलं. हे सगळं तिला घरी आल्यावर कळलं, तेही धाकटीनं भांडणाच्या सुरात नाही, भाजी निवडता निवडता सांगितलं.

"अगं, मी मुद्दाम नाही..."

"माहितीये मला. उद्यापासून डबा मी करीन. तुम्हाला लवकर निघावं लागेल."

तुम्हाला. नंतर थोरलीला कितीदा तरी वाटलं, म्हणावं, तू म्हण ना मला. पण ते मागायचं कोणत्या तोंडानं?

पुढची तुकडी सुरू झाली तेव्हा बाईंनी थोरलीला कामावरून बोलावून घेतलं. नव्या लोकांसमोर उभं करून म्हणाल्या, "यांना आधी धड बोलताही येत नव्हतं. ऐका आता."

समोरच्या खुर्च्यांत तशीच माणसं होती. मांडीवर हात ठेवून, अंग चोरून बसलेली.

"बटण मी नव्हतं दाबलं," थोरली म्हणाली. "माझ्या धाकट्या जावेनं दाबलं. मी पोरीला फक्त धरलं होतं."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा. इतकं करूनही श्रेय दुसऱ्याला देतात. कंपनीला अशी माणसं हवी असतात."

"नाही हो बाई, खरंच तिनंच..."

पुढचे शब्द टाळ्यांत बुडाले.

घरी आल्यावर तिनं ते धाकटीला सांगितलं. धाकटी सासूचं अंथरूण झटकत होती.

"मग?"

"टाळ्या वाजवल्या."

धाकटीनं चादरीचं एक टोक गादीखाली खोचलं. "त्यापुढच्या तुकडीत मला घेतील का, विचारलंत?"

थोरलीला ते सुचलंच नव्हतं. "उद्या विचारते."

"नको." धाकटी दुसऱ्या बाजूला गेली. "मी खोटं बोलले म्हणून लिहून ठेवलंय तिथं. माझ्यासाठी शब्द टाकाल, तर त्यात पुन्हा तुमचंच मोठं मन दिसेल."