चाळिसावं जहाज

चित्रकलेच्या मास्तरांनी उभ्या जन्मात बादलीपेक्षा खोल पाणी जवळून पाहिलं नव्हतं. तरी निवृत्तीनंतर ते मालवाहू जहाजावर चढले, याचं सगळं श्रेय बायकोला. "घरात बसून माझ्या स्वयंपाकात खोट काढता, त्यापेक्षा दादाच्या जहाजावर जाऊन चित्रं काढा," ती म्हणाली. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, जहाजाचा कप्तान. त्याच्या कंपनीला वाटेत दिसणाऱ्या जहाजांची चाळीस पेन्सिलचित्रं हवी होती. चाळीस पुरी झाली की पुढच्या बंदरातून परतीचं तिकीट.

मास्तरांची समजूत, समुद्रावर जहाजं रांगेत उभी असतात. प्रत्यक्षात आठ-आठ दिवस काळं कुत्रंही फिरकेना. खोली अशी की दार उघडायचं तर आधी पाय बिछान्यावर घ्यायचे. गोल खिडकीच्या काचेला नाक लावून मास्तर बसत. नाकाचा शेंडा कायमचा चपटा झाला, असं खलाशी सांगत. मी निम्मंच खरं मानतो.

प्रत्येक चित्राखाली जागा आणि वेळ लिहून कप्तान सही करी. मनातलं जहाज चालत नसे. मास्तरांनी एकदा खपवून पाहिलं होतं.

"धूर मागे आणि झेंडा पुढे?" कप्तान म्हणाला. "दोघांना वारा वेगवेगळा का हो, जावईबापू?"

एकोणचाळीस झाली आणि समुद्र ओस पडला. बंदर परवावर आलं. ते हुकलं की पुढचं तीन महिन्यांनी, आणि मुलीचं बाळंतपण तर पुढच्याच महिन्यात. पहिलटकरीण. मास्तरांचा जीव त्या खोलीत गुदमरू लागला.

"दादा, हेच जहाज काढतो."

"पोटात बसून? बाहेरून पाहिलंत कधी?"

"चढताना."

"चढताना तुमचे डोळे मिटलेले होते. दंडाला धरून मीच आणलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीवरक्षक होडी पाण्यात सोडायची कवायत होती. खलाशांच्या रांगेत मास्तर उभे राहिले, कागद पोटाशी धरून. होडी खाली जाताना त्यांनी सगळ्या देवांना एकदम हाक मारली. कोणी तरी मोकळा असेलच. पण डोळे उघडे ठेवले. तासाभरात जहाज कागदावर उतरलं.

कप्तानाने चित्र बराच वेळ पाहिलं. कठड्याशी एक ठिपका उभा होता.

"हा कोण?"

"तुम्ही."

"एवढासा?"

"तिथून तेवढेच दिसता."

कप्तानाने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. हा माणूस वर्षानुवर्षं एकटा जेवायचा. मास्तर आल्यापासून त्याच्या टेबलावर दोन ताटं लागत होती, हे अख्ख्या जहाजाला ठाऊक होतं.

"हे मला द्या," तो म्हणाला. "ऑफिससाठी दुसरं काढा. तीन महिने पडलेत की."

बायकोचा आणि मेहुण्याचा शब्द मास्तरांनी आजवर खाली पडू दिला नव्हता. मान हलायलाच आली होती.

"नाही दादा. सही करा."

"केली की उतरणार तुम्ही."

"हो."

कप्तानाने जागा लिहिली, वेळ लिहिली, सही केली. कागद मात्र सोडेना.

"शाई वाळू द्या," म्हणाला.

शाई केव्हाच वाळली होती. मास्तर हात पुढे करून दारात उभे राहिले.