टाकी, साबण आणि सोमवारपासूनची वीज

२००६ च्या मे अखेरीस, एका रविवारी सकाळी, मखमलाबादजवळच्या आमच्या मळ्यातली पाण्याची टाकी रिकामी झाली. त्या वेळी नामपूरचे मामा अंगाला साबण लावून न्हाणीघरात उभे होते आणि शेडनेटखाली टोमॅटोच्या रोपांनी माना टाकायला सुरुवात केली होती. वर्षाचं पीक त्या रोपांवर होतं. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं. मोटारीशिवाय ते वर येत नसे.

मोटार कॉम्प्युटर चालवायचा. तो मी बसवला होता. मी कॉलेजात शिकवत असे आणि काळानुसार बदलणारी माहिती कशी साठवावी, यावर पीएच.डी. करत होतो. लोडशेडिंगच्या वेळा दिल्या, की कोणतं काम थांबवायचं, कोणतं कधी उरकायचं, हे यंत्र ठरवी. (टाकी भरणं मी ‘थांबलं तरी चालेल’ या गटात घातलं होतं.)

शनिवारी निरोप आला: सोमवारपासून वीज सकाळ-संध्याकाळऐवजी दुपारी. मी तत्परतेने नोंद केली.

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे वीज होती. वडील, म्हणजे अण्णा, स्टार्टरपाशी गेले.

“लावू का मोटार?”

“हात लावू नका अण्णा. ते वेळ बघून लावेल.”

“पण वीज आत्ता आहे.”

“त्याला कळतं.”

वीज गेली. मोटार लागलीच नव्हती.

“भाचा, पानी नही शे,” न्हाणीघरातून मामा म्हणाले. “डोयामा साबन गया.”

आई स्वयंपाकघरातून बादली घेऊन आली. “घरात एवढंच उरलंय. भावाला देऊ की रोपांना?”

ऊन चढत होतं. अण्णांनी तिच्या हातातून बादली घेतली आणि ते शेडनेटकडे निघाले.

“मेहुणा वाळत नाही,” ते म्हणाले.

“दाजी, माले ऐकू येस,” आतून आवाज आला.

मी कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू करून पाहिला. नवं वेळापत्रक त्याने नोंद केल्याक्षणापासून लागू धरलं होतं. ते लागू कधीपासून होणार, हे लिहायला मी जागाच ठेवली नव्हती.

संध्याकाळी वीज आली. यंत्राच्या हिशेबाने ती येणार नव्हती, त्यामुळे ते गप्प राहिलं. मोटार अण्णांनी लावली.

रोपं जगली. मामांनी राहिलेली अंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी नामपूरची एस.टी. धरली. त्याच दिवशी कॉलेजात माझं व्याख्यान झालं. विषय आधीच ठरलेला होता: माहिती नोंदवली कधी आणि ती खरी कधीपासून, यांतला फरक.