ऑरव्हिलचा वस्तरा

इंडियानातल्या आमच्या गावात ऑरव्हिल स्टॅमने बावीस वर्षं लोकांच्या दाढ्या केल्या, पण एकाच्याही गालाला कधी ओरखडा काढला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याची लाज सगळ्यांत जास्त मला वाटते.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात औषधांच्या दुकानातल्या फिरत्या रॅकवर पंचवीस सेंटचं एक पुस्तक आलं. मुखपृष्ठावर पिस्तूल, अर्धवट कपड्यांतली बाई आणि खाली लेखकाचं नाव, ऑरव्हिल स्टॅम! पैसे घेऊन माणसं मारणाऱ्याची गोष्ट. चर्चमध्ये ती वाचल्याचं कोणी कबूल करेना, पण बहात्तराव्या पानावर काय आहे ते सगळ्यांना तोंडपाठ. तिथे मारेकरी मागून येतो, माणसाची हनुवटी वर उचलतो आणि वस्तरा फिरवतो. शीर कुठली, दाब किती, सगळं बारकाईनं लिहिलेलं.

"एवढं ह्याला कसं रे माहीत?" धान्याच्या कोठारावरचा डेल म्हणाला. तेवढं पुरलं. लोक केस कापायला येत, दाढी मात्र घरीच उरकून, कापलेल्या जागी कागदाचे कपटे चिकटवून. भित्रे लेकाचे! ऑरव्हिल मला म्हणाला, "फ्लॉइड, असंच चाललं तर दुकान विकावं लागेल बघ."

शनिवारी दुकान भरलं होतं. डेलने पुन्हा काडी टाकली, "काय ऑरव्हिल, आता कोणाचा नंबर लावलायस?" सगळे खिदळले. माझं टाळकं सरकलं. मी उठून खुर्चीत बसलो. "दाढी कर रे माझी. बघू दे ह्यांना."

ऑरव्हिल इतका खूश झाला की त्याने धुतलेलं नवं कापड काढून माझ्या गळ्याभोवती बांधलं. गरम टॉवेल झाला, फेस झाला, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजून झाला. एरवी एवढ्यात मी घोरायला लागायचो.

"डोळे मीट ना," तो हळूच म्हणाला.

मी मिटले. त्याने माझी हनुवटी वर उचलली, आणि मला ते बहात्तरावं पान आठवलं. कळायच्या आत मी त्याचं मनगट पकडलं होतं, चांगलं घट्ट.

कोणी हसलं नाही. ऑरव्हिलने वस्तरा मिटला आणि माझ्या गालावरचा फेस स्वतःच पुसला, अगदी कानामागचासुद्धा.

"जा, घरी कर," तो म्हणाला.

डेलचे टोमणे त्याने दोन महिने सोसले होते. सोमवारी मात्र त्याने दुकान विकायला काढलं, ते माझ्यामुळे.