तिसऱ्या रांगेतला गॉगल

मंगळवेढ्याहून रुद्राणी सोलापूरला शिकायला आली तेव्हा तिच्याबरोबर दोन बॅगा, ज्वारीच्या पिठाचा एक डबा आणि पोतंभर मतं होती. पीठ महिन्याभरात संपलं. मतं काही संपेनात. उलट कॉलेजचं वारं लागल्यावर ती दामदुपटीने वाढली. कुठल्या नटाला अभिनय येतो आणि कुणाला नुसते दंड फुगवता येतात, मालिकेतल्या सुना नथ घालून का झोपतात, कालपर्यंत ज्याला शिव्या घातल्या त्याच्याच गळ्यात पुढारी आज हार कसा घालतो, यातल्या कशावरही तिला झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर तयार असे. "तुझ्या तोंडाला कडी नाही," असं तिची अव्वा, म्हणजे आई, फोनवर म्हणायची. वडील किराणा दुकानातून ओरडायचे, "बोलू दे तिला, पण पास हो म्हणावं."

पास तर ती होतच होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला राज्यशास्त्रात वर्गात पहिली होती. सरांनी सांगितलेल्या सगळ्या सिद्धांतांपेक्षा तिला स्वतःचा एक सिद्धांत जास्त प्रिय होता. पडद्यावर हिरो आला की शिट्टी मारणारा आणि पुढाऱ्याच्या गाडीमागे पळणारा माणूस एकच असतो, असं तिचं म्हणणं. त्याला स्वतःचं बारकं तोंड कुणाच्या तरी मोठ्या तोंडाखाली चिकटवायची हौस असते. सिद्धांत वाईट नव्हता. एकोणिसाव्या वर्षी आपल्यापैकी कितीजणांकडे एवढासुद्धा होता?

जुळे सोलापूर भागात एका घराच्या वरच्या मजल्यावर ती आणि नातेपुत्याची उत्कर्षा अशा दोघी भाड्याने राहायच्या. संध्याकाळी सातला खाली जुनी लुना थांबायची आणि हाक यायची, "ताईऽ, डबाऽ!" हाक धोंडीरामची. त्याची बायको गोजाबाई मागच्या गल्लीत खानावळ चालवायची आणि चाळीस डबे तो पोचवायचा. पन्नाशीचा, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या उजव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं. बुबुळावर पांढरं सारवल्यासारखं दिसायचं, म्हणून तो नेहमी उजवी बाजू भिंतीकडे करून उभा राहायचा. डबा घेता घेता रुद्राणी त्याला दिवसाचं ताजं मत ऐकवायची. तो मान हलवून "व्हय की" म्हणायचा आणि लुनाला किक मारायचा. शेंगाचटणी तिला आवडते म्हणून तिच्या डब्यात एक पुडी जादा असायची. ती त्याला मामा म्हणायची. याच्यापलीकडे तिला त्याच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं, आणि विचारावंसं कधी वाटलंही नव्हतं.

महापालिकेची निवडणूक लागायच्या बेतात होती. चौकात प्रभागातल्या अण्णांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, दुमजली घर झाकेल एवढा. कॉलेजातून येताना रुद्राणी त्याच्यापुढे थांबली आणि तिच्या सिद्धांताला पाय फुटले. तिने आधी जवळून फोटो काढले, मग तिथेच उभी राहून मोबाईल फ्लेक्सकडे धरून, स्वतः न दिसता, बोलायला लागली.

"हे बघा, मधे अण्णा. अण्णांच्या डोक्यावर अण्णांचे नेते. आणि खाली शुभेच्छुक. तीन रांगा, बत्तीस तोंडं, वाण्याच्या फळीवर बरण्या मांडल्यासारखी. आता तिसऱ्या रांगेतले हे साहेब बघा." इथे तिने फोटो मोठा करून दाखवला. "हिवाळ्यात गॉगल! मान एकीकडं, शर्ट दुसरीकडं. साहेब, अण्णांच्या तेजानं डोळे दिपले काय हो? आणि एवढ्या शुभेच्छा देताय, तुम्हाला अण्णांनी काय दिलं? हा गॉगल?"

संध्याकाळी तिने त्याचं रील करून टाकलं, तेव्हा उत्कर्षा हसून हसून पलंगावरून खाली आली. तीन दिवसांत ते रील दोन लाख लोकांनी बघितलं. पोरांनी त्या गॉगलवाल्याचं तोंड उचलून सिनेमाच्या पोस्टरवर डकवलं, क्रिकेटच्या टीममध्ये बसवलं, घोड्यावर चढवलं. वर्गात सर म्हणाले, "धारदार आहे तुझं." आणि शनिवारी पुण्याच्या एका वाहिनीतून फोन आला. तरुणांची मतं सांगणारा साप्ताहिक कार्यक्रम सुरू करतोय, सोलापूरकडून तुम्ही बोलाल का? पहिल्या भागाची सुरुवात तुमच्या त्या गॉगलवाल्यापासूनच करू. उद्या पाचपर्यंत कळवा.

रुद्राणीचे पाय जमिनीला लागेनात. आयुष्यभर तोंडाळ म्हणून ऐकून घेतलेल्या पोरीला तिच्या तोंडासाठी कुणीतरी बोलावत होतं. तिने ठरवलं, रविवारी दुपारची झोप झाली की हो म्हणून कळवायचं. त्याआधीच गुरुवारी आचारसंहिता लागली होती आणि पालिकेची गाडी येऊन चौकातले सगळे फ्लेक्स उतरवून गेली, त्याचंही तिला बरंच वाटलं. चार दिवस डबा गोजाबाईच आणून देत होती. "यांच्या अंगात कणकण हाय," एवढंच ती म्हणाली आणि रुद्राणीने बरं म्हणून डबा घेतला.

रविवारी दुपारी तीनला खालून हाक आली. लुना नव्हती, डब्याची पिशवीही नव्हती. धोंडीराम धुतलेला सदरा घालून दारात उभा होता.

"बरं वाटतंय का मामा आता?"

"व्हय." तो जरा घुटमळला. "ताई, तुमच्याकडं माजा एक फोटू हाय."

"तुमचा? माझ्याकडं कुठला?"

"त्यो तुमच्या मोबाईलमदला. तिसऱ्या रांगंतला."

रुद्राणीला आधी कळलंच नाही. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो सरळ समोर उभा होता. ते हडकुळं तोंड, ती एका बाजूला कललेली मान. फुलाच्या जागी काळी काच ठेवली की झालं. त्या डोळ्याशिवाय या माणसाला आपण ओळखतच नव्हतो, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला जिन्यावरच बसावंसं वाटलं.

"मामा, मला खरंच माहीत नव्हतं," ती कशीबशी म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं माझं ते?"

"आवाज वळकला की. दोन वर्सं रोज ऐकतोय." तो रागावलेला दिसत नव्हता, याचाच तिला जास्त त्रास झाला. "चौकातली पोरं 'ओ गॉगल' म्हनून हाका मारायली. पयल्या दिवशी वाटलं, फ्लेक्सचं कवतिक करत्यात. मी हात केला त्यास्नी. मग एका पोरानं मोबाईल दावला."

रुद्राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलंही नाही.

"तुमी बोलला त्यात चूक काय न्हाय," तो म्हणाला. "अण्णा कसं हायत ते आमाला बी ठावं हाय. गल्लीत नळाची लाईन यावी म्हनून सा महिनं हेलपाटं घातलं त्येंच्या हापिसात. आमची चाळीस डब्यांची भांडी, आन पानी पाच दिवसांनी, त्ये बी लांबनं आनायचं. शेवटी लाईन आली. वाडदिवसाला त्येंचा पोरगा म्हनला, मामा, तुमचा फोटू टाकू का? मी म्हनलं टाक, पर डोळा तेवडा झाक. त्यानं कम्प्युटरवर गॉगल लावला. शर्ट बी त्यानंच चडवला."

अण्णांनी काय दिलं, या प्रश्नाचं उत्तर असं जिन्यात येऊन पडलं. नळ दिला होता. द्यायलाच हवा होता, तो काही उपकार नव्हता, आणि या माणसाला त्यासाठी सहा महिने ताटकळत ठेवलं होतं. रुद्राणीचं मत अजूनही तेच होतं. पण तिने हसायला हवं होतं ते अण्णांना, आणि ती हसली होती ताटकळलेल्याला.

"मी रील काढून टाकते. आत्ताच काढते," ती म्हणाली.

"काडा न्हाय तर ऱ्हाऊ द्या, त्ये आता सगळीकडं गेलंय. मी त्याच्यासाटी आलो न्हाय." तो खाली बघत बोलायला लागला. "आट वर्साचा असताना कणसं मळताना डोळ्यात कुसळ गेलं. तवापास्नं फोटूच काडू दिला न्हाय मी कुनाला. लग्नातबी न्हाय. गोजानं मला असं कदी बघितलंच न्हवतं. फ्लेक्स लागल्यावर ती डबं करून झालं की मुद्दाम त्या चौकातनं फिरून यायची. म्हनायची, दिष्ट लागंल असं दिसतायसा. आता पालिकेनं त्यो नेला. फ्लेक्सवाल्या पोराला इचारलं, तर त्याच्या कम्प्युटरमदनं उडालंय म्हनतो. गोजा परवा चौकात जाऊन आली. नुसतं बांबू हायत म्हनली."

मग तो हळूच म्हणाला, "तुमच्या त्यात लई जवळनं दिसतंय. तेवडं तोंड काडून द्या मला. आवाज नगं."

रुद्राणीने मान हलवली.

"आन ती तुमीच म्हनून गोजाला ठावं न्हाय," जाता जाता तो म्हणाला. "सांगू नगा. डबा बंद करंल."

तो गेल्यावर तिने रील काढून टाकलं. बरोबर पाच वाजता वाहिनीचा फोन आला. "मी बोलते, फ्लेक्सवरच बोलते, अण्णांसारख्यांवर बोलते," ती म्हणाली. "पण तो गॉगलवाला चेहरा दाखवायचा नाही." पलीकडची बाई समजूतदारपणे हसली. "अगं, त्या चेहऱ्यामुळंच तर ते चाललं. तुझं मत तर सगळेच मांडतात." रुद्राणी नाही म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. उगाच मोठेपणा कशाला सांगा? ती संधी तिला हवी होती, अगदी मनापासून हवी होती, आणि असं पुन्हा कुणी विचारेल याची काही खात्री नव्हती. उत्कर्षा म्हणाली, "वेडी आहेस तू." रुद्राणीने तिच्याशी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून तिने मूळ फोटोतलं तेवढंच तोंड मोठं छापून घेतलं आणि त्याला साधी काळी चौकट बसवली. ते घेऊन ती दुपारी खानावळीत गेली. धोंडीराम कोपऱ्यात डबे पुसत होता. गोजाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. चौकट बघताच तिने पिठाचे हात पदराला पुसले, फोटो उजेडाला धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"आगं बया, कुटनं गावला तुला? लई पुन्य लागंल बग," ती म्हणाली. आणि मग आवाज चढवून, "कोन एक भवानी हसली म्हनं याला मोबाईलवर. तिच्या तोंडात किडं पडतील! चार दिवस जेवला न्हाय माजा मानूस. ताप म्हनून पडून हुता, कसला ताप आन कसलं काय!"

कोपऱ्यातून धोंडीरामने रुद्राणीकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. नको. एवढंच त्या मानेत होतं.

रुद्राणीने दोन लाख लोकांपुढे बोलताना श्वाससुद्धा घेतला नव्हता. इथे तीन माणसं होती, त्यातली एक ती स्वतः, आणि तिने एकदा दाराकडे पाहिलं. गप्प बसली असती तर कुणाचंही काही बिघडणार नव्हतं. पुण्यही लागलं असतं आणि चटणीची पुडीही चालू राहिली असती.

"मावशी," ती म्हणाली, "ती भवानी मीच."

गोजाबाईला ते उमगायला वेळ लागला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो डबा पुसतच होता, एकच डबा, पुन्हा पुन्हा. मग ती उठली. रुद्राणीला वाटलं, आता हाताला धरून बाहेर काढणार. पण गोजाबाईने चौकट तिच्या तोंडापुढे धरली.

"तोंड हाय न्हवं तुला? मग आता बोल. कसा दिसतोय माजा मानूस?"

रुद्राणीने पाहिलं. गॉगल होता, उसना शर्ट होता, मान कललेली होती. परवापर्यंत तिला जे जे हसू आणत होतं ते सगळं जिथल्या तिथे होतं. आणि ओठांच्या कोपऱ्यात, आजवर तिला न दिसलेलं, फोटो काढून घेणाऱ्या नवख्या माणसाचं लाजरं हसू होतं.

"देखणे दिसतात," ती म्हणाली.

गोजाबाईने चौकट काढून घेतली, भिंतीवरच्या कॅलेंडरखालच्या खिळ्याला अडकवली, आणि पुन्हा चुलीपुढे बसत म्हणाली,

"मग तवाच तसं म्हनायचं हुतं की."