थोरल्या मास्तरांचं टेबल

"ताठ बसा, ताठ बसा. मी काय काठी गिळू?" कटर मास्तर पाठ चोळत म्हणाला.

"मग दवाखान्यातल्या त्या बाई शिकवतात तरी काय तुम्हाला?" काजं करणाऱ्या बाईनं सुईत दोरा ओवत विचारलं.

"खुर्चीवरून उठायचं. बसायचं. परत उठायचं."

"एवढंच? ते तर माझी सासू दिवसभर करते."

"उठताना मान कुठं आवळतेय ते बघायचं असतं. आवळली की थांबायचं, सैल सोडायची, मग उठायचं. मान हलकी झाली की पाठ आपली आपण वर येते. ओढून आणायची नाही."

कटर मास्तर हे सांगत होता तेव्हा त्याला त्या शिंप्याच्या दुकानात एकतीस वर्षं झाली होती. मोडेन पण वाकणार नाही म्हणणारी माणसं वेगळी. हा गडी वाकून वाकून मोडायला आला होता. रात्री कूस बदलायची तर बायकोला हात द्यावा लागे. दवाखान्यात जाऊन आठ महिने तो उठला, बसला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. कात्री उचलायच्या आधी एक श्वास थांबायला शिकला. हळूहळू कळ गेली, पोकही गेलं.

मग एक गंमत झाली. अंगातला सदरा मागून शेपटासारखा लोंबायला लागला. बायको म्हणाली, "स्वतःचाच सदरा बिघडवलात होय?" बिघडवला नव्हता. पोक आलेल्या गिऱ्हाइकाला पाठीचं कापड दोन बोटं जास्त धरायचं, ही कटरची रीत. हातानं तीच रीत आपल्या धन्याच्या, म्हणजे मास्तरच्याच अंगावर चालवली होती, वर्षानुवर्षं, न विचारता. हाताला जे कळलं होतं ते डोक्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "कापायचं टेबल किती उंच आहे?" मास्तरनं साऱ्या गावाच्या बगला मोजल्या, टेबलाला कधी टेप लावली नाही. दुसऱ्या दिवशी लावली. टेबल त्याच्या मांडीच्या मध्यावर येत होतं. ते बनवलं होतं दुकान काढणाऱ्या थोरल्या मास्तरांनी, स्वतःच्या मापानं. ते बुटके होते. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

मास्तरनं सुताराकडून चार ठोकळे आणले, वीतभर उंचीचे, आणि टेबलाच्या पायांखाली सरकवले. तीन दिवस सरळ उभा राहून कापड कापलं. चौथ्या दिवशी थोरल्या मास्तरांचा मुलगा गावाहून परत आला. आता शेठ तोच. त्याला कात्री कुठल्या बोटात धरतात तेही ठाऊक नव्हतं.

"हे कुणी केलं?"

"मी. पाठीसाठी."

"बाबांचं टेबल आहे ते, काका. त्यांनी ठेवलं तसंच राहील."

"थोरले मास्तर माझ्या खांद्याला लागायचे, शेठ. ते असते तर त्यांनीच वर केलं असतं."

"आता तुम्ही बाबांची उंची काढणार? काका म्हणतो तुम्हाला, म्हणून नीट सांगतोय. काम हवं असेल तर ठोकळे काढा, ठोकळे हवे असतील तर ते घरी न्या. मग तिकडंच थांबा."

काजवाल्या बाईनं मान वर केली नाही. चोपन्नाव्या वर्षी नवं दुकान कोण देतंय, हे तिलाही कळत होतं. मास्तरनं टेबलाचा एकेक कोपरा उचलला, पायानं एकेक ठोकळा बाहेर ढकलला. उचलताना मान आवळली. थांबला नाही.

"आता हो?" शेठ काउंटरला गेल्यावर तिनं हळूच विचारलं.

"आता काय. खुब्यातून वाकायचं, पाठीतून नाही. तेही शिकवलंय बाईंनी."

पहिली पँट त्यानं तशी कापली. दुसरीही. तिसरीला गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं, संध्याकाळी ट्रायल पाहिजे म्हणून. मास्तरनं निळं कापड अंथरलं, सुरकुती हातानं काढली, खडू घेतला आणि टेबलावर पाठीतूनच ओणवा झाला.