पायरी चढताना श्वास सोडायचा

धाप लागणारी माणसं कमी बोलतात, असं आम्हाला फिजिओथेरपीच्या कॉलेजात शिकवलं. शिकवणारे सर कधी हुबळीला आले नसावेत! आमच्या दवाखान्याच्या तळमजल्यावर फुप्फुसाच्या जुन्या पेशंटांचा व्यायामवर्ग भरतो, तो मी घेते. ही मंडळी एका वाक्यात चार श्वास घेतील, पण किस्सा अर्धवट सोडणार नाहीत. माझ्याकडे आता इतके किस्से साठलेत की घरी जेवताना मी सुरू झाले की नवरा विचारतो, "व्यायाम घेतेस की कट्टा चालवतेस?"

*

बापूसाहेबांचं दाजीबानपेठेत कापडाचं दुकान. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "चालताना मधे थांबावं लागतं का?"

"छे!"

शेजारी बायको बसलेली. "थांबतात की हो! कोप्पीकर रोडवर दर चार दुकानांनी थांबतात. धाप कुणाला दिसू नये म्हणून काचेतला माल बघितल्यासारखं करतात. दुकानदार आत बोलावतो, आणि ह्यांना रिकाम्या हाताने निघायची लाज! चार महिन्यांत नऊ टॉवेल आणलेत. कापडवाल्याच्या घरात!"

हल्ली बापूसाहेब उघड थांबतात. परवा सांगत होते, "एकाने विचारलं, काय झालं बापू? म्हटलं, धाप लागली. एवढं म्हणायला मला दोन वर्षं लागली बघा!"

*

सुशीलाअक्कांचा फॉर्म भरायला नवा डॉक्टर आला होता. कोवळा पोरगा. त्याने खाली मान घालून विचारलं, "आजी, दिवसाला किती विड्या?"

अक्का लालबुंद! "बारा माणसांच्या भाकऱ्या थापल्या चुलीपुढे, जन्मभर. ओढत होती चूल, खोकते मी! लिही तुझ्या कागदावर!"

त्याने खरंच तसं लिहिलं.

*

ह्याच अक्का. हात वर केले की त्यांना दम लागायचा, म्हणून वेणीफणी सून करायची. मी त्यांना पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलायला लावल्या. आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर. दोन महिन्यांनी एक दिवस अक्का वर्गात आल्या त्या डाव्या कानाकडे कललेला अंबाडा घेऊन.

"कुणी घातला हो?"

"मीच!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सून तो सरळ करायला पुढे झाली.

"हात लावशील तर बघ!"

*

ओठांचा चंबू करून हळू फुंकायचं, समोर मेणबत्ती आहे असं समजायचं. ज्योत हलली पाहिजे, विझता कामा नये. हे मी सगळ्यांनाच शिकवते. वकीलअण्णा धारवाडच्या कोर्टात गाजलेले. पंचाहत्तरावा वाढदिवस, नातवंडांनी केक आणलेला. अण्णांनी फुंकर घातली, ज्योत हलली. पुन्हा घातली, पुन्हा हलली.

"अज्जा, विझव ना!"

"अजिबात नाही. मॅडमचा मनाई हुकूम आहे!"

*

वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, तुम्हाला काय जमायला हवंय? वकीलअण्णा म्हणाले होते, "सव्वीस पायऱ्या."

"कुठल्या?"

"ते तुमच्या अधिकारात येत नाही!"

त्यांच्या बायकोने मला बाजूला घेऊन सांगितलं. थोरले भाऊ, अप्पा, रायापूरला वरच्या मजल्यावर राहतात. घराच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं बंद, एकोणीस वर्षं. आता अप्पा अंथरुणाला खिळलेत. ते काही खाली येणार नाहीत.

अण्णांनी दवाखान्याचा जिना धरला. पायरी चढताना श्वास सोडायचा, थांबून घ्यायचा. कधी आठव्या पायरीवरच ओठ निळसर व्हायचे, बोटावरचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र वाजायला लागायचं. मी बसवलं की म्हणायचे, "आज तहकूब." मधे छातीत कफ झाला, आठ दिवस ॲडमिट होते. परत आले आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू.

एका सोमवारी आले ते जिन्याकडे न वळता सरळ खुर्चीत बसले. मी विचारलं, "जाऊन आलात?"

त्यांनी मान डोलावली.

"काय बोललात?"

"मुद्दे लिहून नेले होते, सतरा. वर पोचलो आणि शब्दच फुटेना. नुसती धाप! अप्पा पडल्यापडल्या बघत राहिला. मग जरा सरकला, पलंगावर जागा केली. मी बसलो."

"मग?"

"मग काय? माझी धाप बसेपर्यंत दोघेही मुकाट. शेवटी म्हणाला, 'झालं तुझं बोलून?' म्हटलं, 'झालं.' म्हणाला, 'मग चहा घे.'"